संसारातले हिशेब : पाटी कोणती घ्यावी, आणि तिचा साज किती?

आमच्या घरात कोणतीही मोठी वस्तू यावयाची झाली म्हणजे ती प्रथम माजघरात चर्चेच्या रूपाने येते, मग भाऊजींच्या वहीत हिशेबाच्या रूपाने येते, आणि या दोन्ही ठिकाणांहून सुखरूप सुटली तरच दुकानातून प्रत्यक्ष घरी येते. शिवणाचे यंत्र आले ते याच वाटेने, आणि कपडे धुण्याचे यंत्रही. गेल्या चैत्रात पाळी आली टॅब्लेटची. हा शब्द घरात प्रथम उच्चारला गेला तेव्हा मामंजी बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "माझी सकाळची गोळी घेऊन झाली आहे, पुन्हा नको." त्या दिवसापासून आमच्याकडे तिला पाटी हेच नाव पडले, व या लेखातही मी तेच चालवणार आहे. हातात धरून जिच्यावर वाचावयाचे, लिहावयाचे आणि पुसावयाचे, तिला पाटीहून निराळे नाव तरी कशाला हवे?

समर्थनगरात आम्ही नऊ माणसे एकत्र राहतो. सासूबाई व मामंजी, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि तीन मुले. मागणी होती थोरल्या पुतण्याची. तो अकरावीला असून वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. शिकवणीवर्गाची व्याख्याने, जुन्या प्रश्नपत्रिका, सारे काही आता पडद्यावर येते, आणि आईच्या फोनवर डोळे ताणून तो कंटाळला होता. मागणी वाजवीच होती. वाद त्यावर नव्हताच. वाद सुरू झाला तो पाटीच्या साजावरून.

भाऊजींनी वहीत जे मांडले ते मी येथे जसेच्या तसे देते, कारण हे आकडे डोळ्यांपुढे असल्यावाचून पुढची गोष्ट समजावयाची नाही. 2025 सालच्या मार्चमध्ये साधा आयपॅड बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 34,900 रुपये होती. त्याची साधी लेखणी 7,900 रुपयांची. त्याला जोडावयाचा कळफलक 24,900 रुपयांचा. म्हणजे लेखणी आणि कळफलक मिळून 32,800. पाटीच्या किमतीला अवघे दोन हजार कमी! सिमकार्ड घालता येईल अशी पाटी हवी असेल तर आणखी 15,000. साठवणीची जागा दुप्पट हवी असेल तर आणखी 10,000. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्या शाकाहारी घरात काढणे बरे नव्हे. परंतु त्या दिवशी सासूबाईंनीच ती काढली, म्हणून लिहिते. किमती पुढेमागे होतात, सणासुदीला उतरतात. पण साजाचे मुख्य वस्तूशी असलेले हे प्रमाण सहसा बदलत नाही, मग कंपनी कोणतीही असो.

भाऊजींचे म्हणणे असे की, घ्यावयाचे तर एकदाच व पूर्ण घ्यावे. यांचे म्हणणे उलट टोकाचे. मुलाला व्याख्यानेच ऐकावयाची आहेत ना, मग आठ-नऊ हजारांची पाटी पुरे. दोन्ही मतांना आमच्या घरात पूर्वानुभवाचा आधार होता, ही त्यातली गंमत.

2020 सालच्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर भरू लागल्या तेव्हा आम्ही घाईने एक स्वस्त पाटी घेतली होती. आठ इंची, 32 जीबी साठवणीची. त्या 32 पैकी बरीच जागा यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीनेच व्यापलेली असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत "जागा नाही" अशी सूचना रोज येऊ लागली. दोन वर्षांत प्रणालीची नवी आवृत्ती मिळेनाशी झाली, आणि पुढे तर एकेक ॲप "या यंत्रावर चालणार नाही" असे सांगून हात झाडू लागले. घेताना दुकानदाराने दोन वर्षांची वाढीव हमीही आमच्या गळ्यात घातली होती. धाकट्याच्या हातून पाटी पडून काच तडकली तेव्हा तो कागद घेऊन मी मोठ्या दिमाखाने गेले. तेथे कळले की, ही हमी यंत्रात आपोआप निघणाऱ्या दोषांसाठी आहे. पडझडीचा विमा निराळा असतो, व तो आपण घेतलेलाच नाही. कागदावर तसे स्पष्ट छापलेले होते. वाचले नव्हते ते मीच. पाटी आता देवघराच्या कपाटात असून पंचांग तिच्यावर ठेवले जाते.

फार स्वस्ताचा मोह काय करतो याचा एक मोठा दाखला आपल्या देशाने पाहिला आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' नावाची पाटी विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केली. सरकारला ती सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडत होती, आणि साऱ्या जगाने तिचे कौतुक केले. हेतू फार मोलाचा होता. परंतु सात इंचांच्या तिच्या पडद्यावर बोट नुसते टेकवून भागत नसे, दाबावे लागे. आणि आतली शक्ती इतकी तोकडी की एका कामातून दुसऱ्यात जाताना वाट पाहावी लागे. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली ते काम गेले, व 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारलेली आवृत्ती निघाली. तिचा पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला उत्तर देणारा होता. एक वर्षात पडदा बदलावा लागला, याचाच अर्थ पहिल्या वेळी काटकसर नेमकी जेथे करू नये तेथे केली गेली होती. आपल्याच जिल्ह्यातील चितेगावला ज्या व्हिडिओकॉनचा कारखाना होता, तिनेही त्याच सुमारास स्वस्त पाट्या विकावयास काढल्या होत्या. ती कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत गेली. पाटी घेणारा मनुष्य कंपनीची पुढची काही वर्षेही विकत घेत असतो, हे आम्ही गृहिणी सहसा ध्यानात घेत नाही.

इतका खल होईपर्यंत आमच्या घरात एक निराळीच गोष्ट उघडकीस आली, आणि सारा हिशेब उलटा झाला.

मामंजी निवृत्त शिक्षक आहेत. वय 81. सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र हा त्यांचा नेम. तरुणपणी अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखालील 'मराठवाडा' दैनिक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावाचून ते जेवत नसत, असे सासूबाई सांगतात. एके दिवशी कामाच्या गडबडीत मी त्यांच्या हाती आदल्या दिवशीचा अंक दिला. अर्धा तास त्यांनी पाने उलटली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "आज विशेष काही नाही." माझ्या मुलीने अंक उचलला व सहज म्हणाली, "आजोबा, हा तर कालचा आहे." मामंजी क्षणभर थांबले, मग म्हणाले, "तरीच." आणि उठून आत गेले.

कोणी काही बोलले नाही. परंतु मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी अंक उलटा करून दिला. त्यांनी तो तसाच धरला. वाचकभगिनींनो, त्या वेळी मला स्वतःची जी लाज वाटली ती सांगवत नाही. वृद्ध माणसाची अशी परीक्षा घेऊ नये. पण त्यामुळेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे झाले. दृष्टिपटलाच्या मध्यभागी झीज झाली होती. कडेचे दिसत असे म्हणून ते घरात सरळ चालत. मधले पुसट होत गेले म्हणून अक्षर दिसत नसे. ज्ञानेश्वरी पाठ असल्यामुळे पोथी समोर उघडी ठेवून ते म्हणत, आणि आम्ही समजत होतो की वाचताहेत. सहा-सात महिने हे चालले होते. "तुम्हांला सांगून काय होणार, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटले," इतकेच त्यांचे उत्तर. डॉक्टरांनी सांगितले की, नुसता नंबर बदलून हे भागणार नाही. अक्षर पुष्कळ मोठे, प्रकाश पुरेसा आणि काळ्यापांढऱ्याचा भेद ठळक मिळाला तर वाचता येईल. जाताजाता त्यांनी एक खूणही सांगितली, ती येथे नमूद करते. दाराची चौकट किंवा खिडकीचे गज अशा सरळ रेषा एका डोळ्याने वाकड्या दिसू लागल्या तर वाट न पाहता डोळे दाखवावेत.

घरी आल्यावर भाऊजींनी वहीतले ते पान उघडले, लेखणी व कळफलक यांच्यापुढचे 32,800 कितीतरी वेळ पाहिले, आणि काही न बोलता त्याभोवती एक वर्तुळ काढले.

मग आम्ही पैठण गेटला गेलो. त्या भागात तेव्हा मोबाइलची दुकाने ओळीने होती, आणि प्रत्येक दुकानातला मुलगा पहिल्याने कॅमेरा दाखवीत होता. मामंजींना मुद्दाम बरोबर नेले होते. कॅमेऱ्याचे वर्णन शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "अक्षर किती मोठे होते?" मुलगा गोंधळला. असा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारला नसावा.

पडद्याचे माप कर्णाने सांगतात, आणि कर्ण फसवतो. आठ इंची काय आणि अकरा इंची काय, फरक थोडाच वाटतो. पुतण्याने दुकानातच हिशेब केला. 8.7 इंची पाटी उभी धरली तर तिची रुंदी सुमारे सव्वाअकरा सेंटिमीटर भरते, आणि अकरा इंचीची पावणेपंधरा. ए-चार आकाराच्या कागदावर छापलेली प्रश्नपत्रिका 21 सेंटिमीटर रुंद असते. लहान पाटीवर ती मूळच्या 54 टक्के होते, मोठीवर 70 टक्के. पहिलीवर दर ओळीला बोटांनी चिमटा घेऊन अक्षर ताणावे लागते. दुसरीवर पान सबंध वाचता येते. क्षेत्रफळ म्हणाल तर दीडपटीहून अधिक. जुनी मराठी पुस्तके छायाप्रतींच्या रूपाने वाचणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. कारण त्या प्रती म्हणजे पानांची चित्रे असतात, त्यांतले अक्षर पुस्तकातल्याप्रमाणे स्वतंत्रपणे मोठे करता येत नाही, आणि यंत्राची वाचून दाखवण्याची सोयही त्यांच्यापुढे सहसा मुकी होते. याच्या उलट, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरील मजकूर हवा तितका मोठा होतो. अँड्रॉइडवर तो मराठीतून ऐकूही येतो, जरी उच्चार ऐकून मामंजींच्या कपाळाला आठ्या पडतात.

दुसरी गोष्ट आम्ही विचारली ती वर्षांची. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती साल मिळणार? 2018 साली निघालेल्या साध्या आयपॅडला 2023 सालची आवृत्ती मिळाली होती. सॅमसंगने वरच्या वर्गातील आपल्या काही पाट्यांना सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त पाट्यांच्या बाबतीत दुकानदार "मिळतील, मिळतील" एवढेच म्हणतो. किमतीला या वर्षांनी भागावे, म्हणजे महाग व स्वस्त यांचा खरा अर्थ कळतो. तसेच, तेच मॉडेल बाजारात केव्हा आले हेही विचारावे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत मिळाले तरी त्याच्या आयुष्यातली ती दोन वर्षे गेलेलीच असतात.

आता साजाकडे वळते. लेखणीचा प्रश्न सर्वांत जड, कारण तिचा मोह खराखुरा आहे. शेजारच्या कुटुंबाकडून आम्ही लेखणीसह पाटी आठ दिवस उसनी आणली. हा उपाय मी सर्वांना सुचवीन. दुकानात पाच मिनिटे रेघोट्या ओढून काही कळत नाही. पुतण्याने दोन दिवस मोठ्या हौसेने टिपणे काढली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा वही घेऊन बसला. कारण विचारता म्हणाला, "काकू, नीटची परीक्षा 2025 सालीही कागदावरच झाली. गोळे पेनानेच भरायचे, कच्चे गणितही कागदावरच. मग सराव काचेवर कशाला?" त्याला कोणी शिकवले नव्हते. ज्यांना आकृत्या काढून शिकवावयाचे असते, किंवा छापील मजकुरावर खुणा करीत वाचावयाचे असते, त्यांना लेखणीवाचून चालत नाही हे मी मान्य करते. त्यांनी पेटीतच लेखणी देणारी पाटी पाहावी. गॅलॅक्सी टॅब एस9 एफई व एस10 एफई यांच्याबरोबर ती येते, व लिहिण्यासाठी तिला वीज भरावी लागत नाही. परंतु त्याच घराण्यातल्या ए9 प्लसवर ती लेखणी चालतच नाही. तेव्हा "पाटी आज घेऊ, लेखणी पुढे पाहू" असे ठरवणाऱ्याने ती पाटी लेखणी ओळखते की नाही, हे आधीच विचारावे. आयपॅडच्या लेखण्यांतही भेद आहेत. वर सांगितलेली 7,900 रुपयांची लेखणी हाताचा दाब ओळखत नाही, सबब चित्रे काढणाऱ्यास ती अपुरी वाटेल.

कळफलक आम्ही पहिल्याच फेरीत बाद केला. ज्याला दीर्घ लेखन करावयाचे आहे त्याला तो हवा. पण मग पाटी व कळफलक मिळून होणाऱ्या रकमेत लॅपटॉप येतो की नाही, हे पाहणे प्राप्तच आहे. शिवाय अशा कळफलकांवर देवनागरी अक्षरे सहसा छापलेली नसतात. जाऊबाई महिला मंडळाची पत्रे लिहितात त्या आता फोनला तोंडी सांगून लिहवतात व मागून ऱ्हस्वदीर्घ सुधारतात.

सिमकार्डाची सोय घरात वाय-फाय असणाऱ्यांना अनावश्यक. बाहेर फोनचेच इंटरनेट पाटीला देता येते. फक्त आयपॅडच्या बाबतीत एक ध्यानात ठेवावे की, सिमकार्ड नसलेल्यात जीपीएस नसते, म्हणून प्रवासात वाट दाखवण्यास तो नेणार असाल तर निराशा होईल. साठवण आयपॅडमध्ये मागून वाढवता येत नाही. अँड्रॉइडच्या पुष्कळ पाट्यांत वेगळे कार्ड घालता येते. व्याख्याने व पुस्तके त्या कार्डावर ठेवावीत, ॲप मात्र मूळ साठवणीतच बसतात, म्हणून मूळ साठवण 128 जीबीहून कमी घेऊ नये असे आमच्या कपाटातली पाटी मला रोज सांगते. वाढीव हमीविषयी वर लिहिलेच आहे. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे पडझडीचा विमा विचारार्ह. पण दर दाव्याला आपण किती भरावयाचे, हे लिहून घ्यावे.

एका साजावर मात्र कोणाचे दुमत नव्हते. मागे घडी होऊन पाटीला उभी ठेवणारे जाड आवरण. मामंजींच्या हाताला कंप आहे, अर्धा किलोची पाटी ते तासभर धरू शकत नाहीत. काही शे रुपयांची ही वस्तू बाकी सगळ्या साजाहून अधिक कामाला आली. ते आवरण दुपारी काढून ठेवावे लागते, हा आमचा मे महिन्यातला शोध. आपल्या छत्रपती संभाजीनगरात त्या दिवसांत पारा 40 अंशांवर जातो, आणि आयपॅड वापरण्याची मर्यादा त्याच्या कंपनीने 35 अंश सांगितली आहे. इतरांचीही प्रकृती फार निराळी नसावी. गच्चीवर, खिडकीतल्या उन्हात, किंवा बंद मोटारीत ठेवलेली पाटी स्वतःहून बंद पडते, आणि तिची बॅटरी कायमची थकते.

शेवटी आम्ही एकसारख्या दोन पाट्या घेतल्या. अकरा इंची, 128 जीबीच्या, प्रत्येकी वीस-बावीस हजारांच्या. लेखणी नाही, कळफलक नाही, सिम नाही. एक पुतण्याची, एक मामंजींची. दोहोंची मिळून किंमत भाऊजींच्या पहिल्या पानावरील बेरजेहून वीस हजारांनी तरी कमी झाली. पुतण्याला आयपॅड हवा होता, हे मला ठाऊक आहे. पेटी उघडताना त्याने एकदाच आजोबांच्या पाटीकडे पाहिले, मग आपली बाजूला ठेवून प्रथम त्यांच्या पाटीवर अक्षर मोठे करून दिले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे. एका ओळीत चार शब्द मावतात इतके मोठे. मामंजींनी बोटाने एक ओळ वर सारली, मग दुसरी. जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी हाक मारली नाही.

आठवड्याने त्यांनी मला बोलावले. म्हणाले, "या बातमीत शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. खुणा कशाने करू?" बोटाने करून पाहा म्हटले, तर म्हणाले, बोटाने खुणा करणारा शिक्षक त्यांनी पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजी पैठण गेटहून रबरी टोकाची एक लेखणी घेऊन आले. दोनशे रुपयांची, कोणत्याही पाटीवर चालणारी. तिने बारीक अक्षर येत नाही, पण वर्तुळ छान येते. आता रोज सकाळी चहाबरोबर पडद्याचे चित्र काढून त्यावर वर्तुळे केली जातात, आणि ती सारी चित्रे वर्तमानपत्राच्या संपादकांना पाठवावीत असा मामंजींचा आग्रह आहे. ती कशी पाठवावयाची, हे त्यांना अद्याप कोणी शिकवलेले नाही.